सोंगातली एक चूक

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठी वसलेल्या पोतली नगरात विजितसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सोंगाड्याच्या घरी जन्मला होता. मोठेपणी त्याने बापाचाच धंदा उचलला. त्याचे तोंड फार रुंद होते, म्हणून लोक त्याला दर्दुर, म्हणजे बेडूक, म्हणत. हे नाव त्याला इतके शोभले की आईबापांनी काय नाव ठेवले होते ते पुढे कोणाला आठवेना. त्यालाही त्याचे काही वाटत नसे.

सोंगाड्या म्हटले की आपल्याला जत्रा आठवते. पोतलीत मात्र सोंगाड्याला बोलावणे येई ते सुतकाच्या घरून. त्या नगरीची रीतच तशी होती. घरात कोणी मेले की तेरा दिवस त्या घरात कोणी हसत नसे आणि चुलीवर गोड शिजत नसे. दहाव्या दिवसापासून सोंगाड्या अंगणात येऊन बसे आणि घरातल्या एकेकाला विचारी, "गुण नकोत. खोड सांगा." कारण मेलेल्यांचे गुण सगळे सारखेच असतात. उदार होता, प्रेमळ होता, मुंगीलाही दुखावत नसे. ते सांगायला शेजारीपाजारी बसलेलेच असतात. खोड मात्र ज्याची त्याची असते. मग तेराव्या दिवशी मेलेल्याचे वस्त्र अंगावर घेऊन सोंगाड्या त्याचे सोंग काढी. म्हातारा ताटातले शीत न् शीत मोजल्यासारखे कसे खाई, सासू धाकट्या सुनेला हाक मारताना आधी थोरलीचे, मग मधलीचे आणि मग गाईचे नाव कसे घेई, हे सारे हुबेहूब. घरची माणसे आधी ओठ चावत, मग हसत, हसता हसता रडत, आणि रडून झाले की जेवायला बसत. शेवटी सोंगाड्या ते वस्त्र घडी करून घरच्या वडील माणसाच्या हाती देई आणि एवढेच म्हणे, "आला होता. गेला." त्याला पायलीभर भात मिळे, आणि तो निघून जाई.

याला पोतलीत हसू उघडणे म्हणत. ज्या घराचे हसू वर्षभरात उघडत नाही ते घरही मेले असे समजून त्याचे दार मातीने लिंपून टाकावे, असा एक जुना दंडक होता. पण तशी वेळ आजवर कोणावर आली नव्हती.

त्याच नगरीत आचार्य नंदिषेण राहत असत. ते राजाचे गुरू. जे जन्मले ते जाणार आणि ज्याला आपण माझे म्हणतो ते आपले नव्हे, या दोन गोष्टींवर त्यांनी बारा अध्यायांचा ग्रंथ रचला होता. ग्रंथातला शब्द न् शब्द खरा होता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे कोणी आचार्यांना उगाच हसेल. दर पौर्णिमेला ते सभामंडपात ग्रंथ सांगायला बसत आणि सारी नगरी ऐकायला येई. दुसऱ्या अध्यायात व्यापारी पेंगू लागत. तिसऱ्या अध्यायात द्वारपाल भाल्याला टेकून उभ्या उभ्या झोपत. चौथ्या अध्यायापर्यंत पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या तेवढ्या जाग्या असत, आणि त्या दोघींना ऐकू येत नसे.

आचार्यांना वाटे, दोष ऐकणाऱ्यांचा. एकदा कुंभारआळीतली चार माणसे हात जोडून म्हणाली, "आचार्य, जरा आम्हाला समजेल असं सांगा की. तुम्ही सांगता ते आमच्याच मडक्यांबद्दल आहे असं वाटतं, पण धागा सुटतो." आचार्य म्हणाले, "गाढवाला गुळाची चव काय! ज्ञान ही हसतखेळत घ्यायची वस्तू नाही. ज्याला हसायचं असेल त्यानं त्या दर्दुराच्या दारी जावं." हे बोलणे दर्दुराच्या कानावर गेले. पुढच्या पौर्णिमेलाही तो नेहमीसारखा मंडपाच्या खांबाआड येऊन बसला आणि बाराव्या अध्यायापर्यंत जागा राहिला. आचार्यांना त्याची खबर नव्हती.

विजितसेन राजाला एकच मुलगी होती. तिचे नाव कुरंगी. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे राजाचा सारा जीव तिच्यात. ती आचार्यांकडे शिके. एकोणिसाव्या वर्षी तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली.

रीतीप्रमाणे दहाव्या दिवशी दर्दुर राजवाड्याच्या अंगणात येऊन बसला. कुरंगीची म्हातारी दाई सुमुखा डोळे पुसत त्याला सांगू लागली, "झोपेत पाय झाडायची रे. पांघरूण कधी अंगावर राहिलं असेल तर शपथ. आणि चिंच! दाताला कळ येईपर्यंत चिंच खायची आणि मग माझ्या नावानं ओरडायची." राजा मागून येत होता. त्याने हे ऐकले आणि त्याचा तोल गेला. "माझी मुलगी जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि तुम्ही तिच्या खोड्या वेचत बसलात?" तो ओरडला. त्याने दर्दुराला हाकलले आणि नगरात दवंडी पिटवली: राजकन्येची खोड जो बोलेल त्याची जीभ कापली जाईल.

त्या दिवसापासून पोतलीत कुरंगीचे फक्त गुण उरले. कवींनी तिच्यावर एकशे आठ श्लोक रचले. शिल्पकाराने उद्यानात तिची पाषाणमूर्ती उभी केली. मूर्तीचे डोळे खाली वळलेले, हात जोडलेले, ओठ मिटलेले. सुमुखा ती मूर्ती पाहून आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जिवंतपणी त्या मुलीने कधी डोळे खाली घातले नव्हते, आणि तोंड मिटलेले तर कोणी पाहिलेच नव्हते. राजा रोज सकाळी मूर्तीसमोर बसे. तो रडत नसे. तो दिवसातून एकदा चार घास खाई, आणि तेही सेवकांनी पुढे केले तरच.

आचार्य नंदिषेण रोज त्याच्याजवळ जात आणि एकेक अध्याय सांगत. राजा मान हलवून म्हणे, "खरं आहे, आचार्य." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. असे बारा अध्याय सात वेळा झाले. आठव्या वेळी राजा म्हणाला, "आचार्य, एक विचारू? तुमचं सगळं मला पटतं. पण मला तिचा आवाज आठवत नाही. ते श्लोक आठवतात, मूर्ती आठवते. ती आठवत नाही. हे कोणत्या अध्यायात आहे?"

आचार्यांनी बारा अध्याय मनातल्या मनात चाळले. ते कुठेच नव्हते.

वर्ष भरायला चार दिवस उरले तेव्हा राजाने गवंड्यांना बोलावले. "दंडक राजालाही लागू आहे," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या घराचं हसू उघडलं नाही. चौथ्या दिवशी मी आतल्या दालनात जाऊन बसेन. दार लिंपून टाका. अन्न ठेवू नका." प्रधान पाया पडले, गवंडी रडले. राजा ऐकेना. राजवाड्याच्या दारात मातीचा ढीग येऊन पडला आणि गवंडी मान खाली घालून ती भिजवू लागले.

आचार्य त्या ढिगाजवळून जाताना थांबले. बारा अध्याय सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याचा शिष्य भिंतीआड मरणार होता. मग त्यांनी जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. ते कुंभारआळीत गेले आणि दर्दुराचे घर विचारले.

दर्दुर ओट्यावर बसून एका लाकडी मुखवट्याचे नाक घासत होता. आचार्यांना पाहून तो उठला, चटई झटकली, पाणी आणले. आचार्य उभेच राहिले. काखेत त्यांचा तांब्याचा कमंडलू होता. तो ते कधी खाली ठेवत नसत.

"राजाचं हसू उघड," आचार्य म्हणाले. "मागशील ते देववीन."

"आचार्य, उघडलं असतं. गेल्या वर्षीच उघडलं असतं," दर्दुर म्हणाला. "पण गुणांचं सोंग निघत नाही हो. मला तिची खोड हवी. सुमुखामावशीनं सांगितल्या त्या राजाला ठाऊक आहेत आणि त्यांवर त्याचा राग आहे. दुसरं कोणी तोंड उघडत नाही. जीभ प्रत्येकाला एकच असते."

गल्लीत कुंभाराचे चाक फिरत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता. मग आचार्य चटईवर बसले. कुंभारआळीत कोणाच्या चटईवर ते आजवर बसले नव्हते.

"मला एक ठाऊक आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितले. कुरंगी जाण्याच्या दोन महिने आधी, एक दिवस पाठ संपवून ते निघाले आणि पोथीचे वेष्टन विसरले म्हणून परतले. दारातून त्यांना दिसले की कुरंगी मैत्रिणींसमोर त्यांच्या आसनावर बसली आहे. पोटाला लोड बांधला आहे. डाव्या खांद्यावरचे उत्तरीय सारखे करत, नाक वर ओढत ती त्यांच्याच आवाजात म्हणत होती, "म्हणजे असं पाहा. हा कमंडलू. हा माझा नाही. हा तुझा नाही. नीट पाहिलं तर हा कमंडलूही नाही." एका मैत्रिणीने हात पुढे केला तशी कुरंगीने कमंडलू म्हणून घेतलेला तांब्या पोटाशी घट्ट धरला आणि किंचाळली, "अगं अगं, शिवू नकोस! माझा आहे तो!"

"मैत्रिणी लोळत होत्या हसून," आचार्य म्हणाले. "मी वेष्टन न घेताच परत फिरलो. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. त्यानंतर दोन महिने मी तिला शिकवलं, पण एकदाही तिच्याकडे पाहून बोललो नाही. ती विचारायची, 'आचार्य, तुमची तब्येत बरी नाही का?' मी उत्तर देत नसे. आणि मग ताप आला. वाटलं होतं, एखाद्या दिवशी माफ करीन. सवड आहे, असं वाटलं होतं. मी, अनित्यतेवर ग्रंथ लिहिणारा."

दर्दुराने मुखवटा खाली ठेवला. त्याला आचार्यांचे हसू आले नाही. त्याला फार वाईट वाटले, कारण त्याने अनेक घरांची अंगणे पाहिली होती आणि हे दुःख तो ओळखत होता.

"आचार्य, हे सोंग काढलं तर भर सभेत हसं तुमचं होईल," तो म्हणाला.

"होऊ दे."

"तुम्हाला समोर बसावं लागेल. कमंडलू घेऊन. रागावू नका आणि मुद्दाम हसूही नका. नेहमी बसता तसे बसा."

"आणि तुझी जीभ?"

दर्दुर म्हणाला, "आमच्या धंद्यात बापानं शिकवलेली एक गोष्ट आहे. सोंग हुबेहूब काढायचं, पण त्यात एक चूक मुद्दाम ठेवायची. घरचं माणूस दुःखात दगडासारखं बसलेलं असतं. पण आपल्या माणसाचं कोणी चुकीचं केलं तर त्याला राहवत नाही. ते चूक काढतं. ज्यानं चूक काढली त्याचं तोंड उघडलं, आणि तोंड उघडलं की बाकीचं आपोआप येतं. मी एक चूक ठेवीन. राजानं ती काढली तर जगलो."

"आणि नाही काढली तर?"

"तर चूक राहील आणि जीभ जाईल," दर्दुर म्हणाला. "राजा तर जाणारच आहे. त्याच्यासाठी एवढं करून पाहायला नको का?"

आचार्यांनी मागेल ते देऊ केले होते, ते दर्दुराने पुन्हा काढलेही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सभा भरली. राजा पांढऱ्या वस्त्रात बसला होता. दाराशी गवंडी थापी घेऊन उभे होते. दर्दुराने आत येऊन नमस्कार केला आणि म्हणाला, "महाराज, तुमच्या घराचं हसू उघडायला आलो आहे." राजाने दंडनायकाकडे पाहिले. दंडनायक सुरी घेऊन दर्दुराच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला. राजा म्हणाला, "काढ सोंग. मग मी जातो." सुमुखा पुढे आली आणि पदराखालून कुरंगीची एक जुनी हिरवी ओढणी काढून तिने दर्दुराच्या खांद्यावर टाकली. वर्षभर ती तिने लपवून ठेवली होती.

दर्दुर वळला. ते बेडकाचे तोंड कुठे गेले ते कोणालाच कळले नाही. कुरंगी चालायची तशी कोणीतरी तिरकी, घाईघाईची पावले टाकत आली. तिने इकडेतिकडे चोरून पाहिले, लोड उचलला, पोटाला बांधला आणि आसनावर मांडी घातली. नाक वर ओढले. उजव्या खांद्यावरचे वस्त्र सारखे केले. "म्हणजे असं पाहा," ती म्हणाली.

आवाज आचार्यांचा होता. पण आचार्यांचा आवाज काढणाऱ्या मुलीचा होता. सभेने आचार्यांकडे पाहिले, मग राजाकडे पाहिले आणि घाईने जमिनीकडे पाहिले. कोणीही हसले नाही. आचार्यांचे कान तापले. त्यांना उठून जावेसे वाटले, पण ते बसून राहिले.

"हा कमंडलू," सोंग पुढे बोलू लागले. पुन्हा उजव्या खांद्यावरचे वस्त्र सारखे केले. "हा माझा नाही. हा तुझा नाही."

राजाची बोटे हलली.

तिसऱ्यांदा उजवा खांदा. दंडनायकाने सुरीची मूठ बदलली.

"डावा," राजा म्हणाला.

आवाज इतका हलका होता की जवळच्या दोघातिघांनाच ऐकू गेला. दर्दुराने ऐकले, पण ऐकले नाही असे दाखवले. चौथ्यांदा उजवा खांदा.

"डावा खांदा म्हटलं ना!" राजा आता मोठ्याने म्हणाला. "आचार्य डाव्या खांद्यावर उत्तरीय घेतात. तिचं ते कधी चुकलं नाही. रोज दुपारी जेवण झालं की माझ्यासमोर करून दाखवायची, रोज, आणि एकदाही चुकली नाही. बाजूला सर. दे इकडे तो लोड."

तो सिंहासनावरून उतरला. वर्षभर चार घासांवर जगलेला तो माणूस, त्याला चालताना आधार लागत होता. त्याने लोड स्वतःच्या पोटाला बांधला, ओढणी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आसनावर बसला. राजा आपल्या मुलीचे सोंग काढत होता आणि मुलगी आचार्यांचे. त्याने नाक ओढले, डावा खांदा सारखा केला आणि म्हणाला, "म्हणजे असं पाहा. नीट पाहिलं तर हा कमंडलूही नाही. अगं अगं, शिवू नकोस! माझा आहे तो!"

आचार्यांनी खाली पाहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या कमंडलूला असे घट्ट धरून बसले होते की बोटे पांढरी पडली होती. कोणी शिवायलाही आले नव्हते.

पहिले हसू आचार्यांना फुटले. त्यांना स्वतःलाही त्याचा अंदाज नव्हता. साठ वर्षांत जे हसू आले नव्हते ते सगळे एकदम आल्यासारखे ते हसले. मग सुमुखा हसली, दंडनायक तोंडावर हात धरून हसला, आणि दाराशी गवंडी थापी टाकून हसू लागले. राजाही हसत होता. हसत हसतच त्याने पुढचे केले, कारण त्याला पुढचेही ठाऊक होते. "झोपलात? झोपा, झोपा. झोपही अनित्य आहे, उठालच!" मंडपातल्या ज्या ज्या माणसाने तिसऱ्या अध्यायात झोप काढली होती, ती सारी पोट धरून हसली.

मग राजाने लोड सोडला. "हे करून झालं की ती लोड असा बाजूला ठेवायची," तो म्हणाला. "आणि माझ्याजवळ येऊन बसायची. आणि म्हणायची..." त्याचा आवाज बदलला. तो आता आचार्यांचा नव्हता. तो एका मुलीचा आवाज होता, आणि राजाला तो आता आठवला होता. "'हसलात ना? पण बाबा, आमचे आचार्य सांगतात ते खरं आहे हं. कमंडलू काही त्यांचा नाही. आणि मी काही तुमची नाही.'"

राजा ओढणीत तोंड घालून रडू लागला. वर्षभराचे रडणे होते, ते बराच वेळ चालले. कोणी त्याला गप्प केले नाही.

आचार्यही रडत होते. आमचे आचार्य, असे ती म्हणाली होती. ज्या मुलीने आपली टर उडवली म्हणून त्यांनी दोन महिने तिच्याकडे पाहिले नाही, तिनेच त्यांचे बारा अध्याय ऐकले होते आणि समजून घेतले होते. साऱ्या नगरीत तिने आणि, पुढे कळले त्याप्रमाणे, खांबाआडच्या त्या सोंगाड्याने. ते उठले आणि राजाजवळ गेले. राजाचा घसा कोरडा पडला होता. आचार्यांनी कमंडलू पुढे केला. आजवर त्या कमंडलूला दुसऱ्या कोणाचे ओठ लागले नव्हते. राजाने दोन्ही हातांनी तो धरला आणि सारे पाणी पिऊन टाकले.

दर्दुर बाजूला उभा होता. आता रीतीप्रमाणे वस्त्राची घडी करून शेवटचे शब्द त्याने म्हणायचे होते. पण राजानेच ओढणी मांडीवर पसरली, तिच्या सुरकुत्या सारख्या केल्या, घडी घातली आणि ती उराशी न धरता सुमुखाच्या हातात दिली.

"आली होती," राजा म्हणाला. "गेली."

त्या दिवशी राजवाड्यात गोड शिजले. दवंडी मागे घेतली गेली. दारातली माती कुंभारांनी नेली. राजाने दर्दुराला तीन गावे आणि हत्ती देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, "महाराज, राजाचं घर काय आणि बुरुडाचं घर काय, हसू उघडायला पायलीभर भातच. जास्त घेतलं तर उद्या गरिबाच्या अंगणात बसायला मला लाज वाटेल." आणि पायलीभर भात घेऊन तो घरी निघाला.

आचार्य वेशीपर्यंत त्याच्याबरोबर चालले. "दर्दुरा," ते म्हणाले, "माझे बारा अध्याय वाया गेले. जे मला वर्षभरात जमलं नाही ते तू एका लोडानं केलंस."

"असं कसं म्हणता?" दर्दुर म्हणाला. "तुमचे बारा अध्याय नसते तर ती पोर नक्कल कशाची करणार होती? राजाला शेवटी लागलं ते तुमचंच वाक्य. मी नुसती दाराची कडी काढली."

पुढच्या पौर्णिमेला आचार्य सभामंडपात बसले नाहीत. ते घाटाच्या पायऱ्यांवर बसले आणि ग्रंथ उघडण्याआधी त्यांनी स्वतःच्या कमंडलूची गोष्ट सांगितली. कोळिणी हसल्या, कुंभार हसले, आणि हसता हसता पुढे सरकून बसले. बाराव्या अध्यायापर्यंत कोणी पेंगले नाही. द्वारपालसुद्धा.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका विहारात, भिक्खूंच्या कुरबुरीवरून. तगर नावाचा एक तरुण भिक्खू विणकरांच्या वस्तीत जाऊन धम्म सांगे आणि सांगताना त्यांना हसवी. त्या दिवशी मरणाविषयी बोलताना त्याने असे काही म्हटले की ज्याची मुलगी नुकतीच वारली होती तो एक विणकर मोठ्याने हसला. स्थविर दंतिल संतापले आणि शास्त्यांकडे येऊन म्हणाले, "भगवन्, हा धम्माचा पोरखेळ करतो. दुःखात असलेल्या माणसाला हसवतो." विणकरही मागोमाग आला होता आणि दाराशी बसला होता. त्याचे डोळे रडून सुजले होते, पण त्या दिवशी तो जेवला होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा विजितसेन राजा म्हणजे दाराशी बसलेला हा विणकर. तेव्हाची कुरंगी म्हणजे हा तगर. तिची खोड अजून गेलेली नाही. तेव्हाचे आचार्य नंदिषेण म्हणजे, दंतिला, तूच. आणि दर्दुर सोंगाड्या म्हणजे मीच."

दंतिलांनी खाली पाहिले. भिक्षापात्र त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरले होते. मग त्यांच्या तोंडावर हसू आले, आणि त्यांनी पात्र जमिनीवर ठेवले.

"भिक्खूंनो," शास्ते म्हणाले, "सत्य जवळ असणं पुरत नाही. समोरच्याला ते ज्या हातानं घेता येईल त्या हातात द्यावं लागतं, आणि त्यासाठी आपला मान खाली ठेवावा लागला तर तोही ठेवावा. याला उपायकुशल करुणा म्हणतात. त्या जन्मात मी तिचा अभ्यास केला."